टाकीतलं मोठं माणूस

जानेफळच्या गजेंद्रनं हौसेनं काचेची टाकी आणली, पाणी भरलं, हवेची मोटर लावली आणि मासे न सोडताच रोज चिमूटभर दाणे टाकायला लागला.

"काऊन रे, रिकाम्या पाण्याले काय चारून राह्यला?" त्याच्या आईनं, मनकर्णाबाईनं विचारलं.

"आधी पाण्यात चांगले जंतू वाढा लागतात, आई. नाही तं मासे मरतात."

"जनमभर आम्ही पाणी उकळून जंतू मारले, अन् तू पोसून राह्यला!"

पण दाणे तळाशी पोचतच नव्हते. अर्ध्या वाटेत 'टच' असा आवाज व्हायचा आणि दाणा गायब. जंतूंना तोंड असतं का, हे काही गजेंद्रनं दुकानदाराला विचारलं नव्हतं. मनकर्णाबाई मात्र घरातलं कुणी उपाशी नको म्हणून स्वतः जेवायच्या आधी टाकीत भाकरी कुस्करू लागली.

महिन्याभरानं मासे आले. सोडल्यासोडल्या सगळे एका कोपऱ्यात सरकले, एसटीत जाड्या माणसाला जागा करून द्यावी तसे. गजेंद्रनं दाणे टाकले, तरी एकही हलला नाही. उरलेल्या टाकीत टच, टच झालं. ते थांबलं तेव्हा कुठे मासे खायला निघाले.

"पाह्य, मोठ्याच्या आधी तोंड लावत नाहीत. वळण हाय लेकराह्यले!" मनकर्णाबाई खूश झाली.

तेवढ्यात टाकीच्या मधोमध वाटीएवढा बुडबुडा वर आला आणि ढेकर दिल्यासारखा फुटला.

"मोटरची हवा हाय ते," गजेंद्र घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं मोटरीकडं पाहिलं.

लाईट सकाळपासून गेलेली होती.

मासे आणखी थोडे सरकले.