औरोरातली कांजा

एराल्दोच्या स्वभावात मत्सराला जागाच नव्हती. हे तो स्वतः सांगायचा. दर शनिवारी, वाल्मोरचं नाव निघालं की. वाल्मोरचं नाव तोच काढायचा.

त्या शनिवारी मात्र त्यानं ते काढलं नाही, आणि टेबलाभोवतीचे सगळे वाजवणारे काळजीत पडले. सांता तेरेझाच्या चौकातल्या त्या बारमध्ये एकोणीस वर्षं त्याची शोरोची, म्हणजे तिथल्या जुन्या संगीताची, बैठक बसत होती. दुपारी दोनला सुरू, काळ्या घेवड्याचं कालवण संपलं की बंद. एराल्दोच्या हातात सात तारांची गिटार आणि सगळ्यांचा लगाम. एक चीज संपता संपताच तो खर्जाच्या तारांवर पुढचीला हात घालायचा. टाळ्यांना मध्ये शिरायला फट नसायची. याला तो शिस्त म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वी क्लॅरिनेटवाल्या वाल्मोरसाठी लोकांनी टेबलं बडवून 'आणखी एक! आणखी एक!' असा गिल्ला केला होता. वाल्मोरचा ताल कच्चा आहे हे एराल्दोच्या लक्षात आलं ते त्याच संध्याकाळी. वाल्मोर बैठक सोडून गेला. हल्ली तो वरच्या गल्लीतल्या औरोरा थिएटरच्या लॉबीत, पाचच्या खेळाआधी वाजवायचा.

एराल्दोच्या बायकोची, जांदिराची, खुर्ची तीन शनिवार रिकामी होती. ती बैठकीत दर वेळी दोन गाणी म्हणायची. घसा बसलाय, म्हणाली होती. आणि आज सकाळी फ्रिजवरच्या चिनी मातीच्या पेंग्विनखाली एराल्दोला चिठ्ठी सापडली. अक्षर जांदिराचं. 'शनिवार, चार वाजता, औरोरात कांजा. वाल्मोरला कळवलंय.'

कांजा देणं म्हणजे दुसऱ्याच्या बैठकीत जाऊन आपलं गाणं म्हणणं. पाहुण्यासारखं, हौसेनं. हा शब्द वाजवणाऱ्यांनी कुठून उचलला ते कोणी विचारत नाही. पस्तीस वर्षं वाजवणाऱ्या एराल्दोला तर त्याचा दुसरा अर्थ आठवतही नव्हता. बायको वाल्मोरबरोबर जेवायला गेली असती तरी त्यानं समजून घेतलं असतं, असं त्याला वाटलं. पण गायला?

चार वाजून पाच मिनिटांनी, एका वॉल्ट्झच्या मधोमध, तो उठला. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"कुठे निघालात उस्ताद?" खंजिरीवाला तोनिको ओरडला. "गॅस चालू राहिला काय घरी?"

"हो," एराल्दो म्हणाला, आणि गिटार बगलेत मारून चढाला लागला.

लॉबीत जुलैची, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्याची, थंडी होती आणि शाली गुंडाळलेले चाळीसेक म्हातारे. कोपऱ्यात वाल्मोर क्लॅरिनेट फुंकत होता. तिकीट खिडकीपाशी लोकांचं कोंडाळं, आणि त्याच्या मधोमध जांदिरा. बाह्या सारलेल्या, गाल लालबुंद. इतकी खूश त्यानं तिला लग्नात पाहिली होती, तीही दुसऱ्याच कोणाशी बोलताना.

"घसा बसलाय ना तुझा?" खांद्यांच्या भिंतीपलीकडूनच त्यानं विचारलं.

"बसलाय."

"आणि इथे कांजा देतेस!"

"देते."

"कधीपासून?"

"हा तिसरा शनिवार."

"त्यानं बोलावलं?"

"मीच विचारलं त्याला. लोक नुसते कुडकुडत बसतात इथे."

"आवडते त्यांना?"

"आणखी मागतात."

हे 'आणखी' वर्मी बसलं. "माझ्या बैठकीत काय कमी होतं तुला? एकोणीस वर्षं, जांदिरा!"

"एकोणीस वर्षं, दर शनिवारी दोन गाणी. एकदा तरी कोणी 'आणखी एक' म्हणालं?"

"लोकांना जाण नाही."

"लोकांना सवड नाही मिळाली. माझा शेवटचा सूर तोंडात असतानाच तू पुढचं सुरू करतोस. माझा घसा त्यानंच बसला."

वाल्मोरनं क्लॅरिनेट खाली ठेवलं. एराल्दोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक म्हातारी त्याला कोपरानं बाजूला सारत पुढे घुसली.

"ए भाऊ, संसाराचं घरी जाऊन बघा. मागे रांग आहे." आणि तिनं हात पुढे केला. हातात वाडगा होता. "आणखी एक, पोरी."

कोंडाळं जरासं फाकलं. जांदिरासमोर शेगडी होती, शेगडीवर पातेलं, पातेल्यात कांजा. कोंबडीची, तांदूळ घातलेली पेज, आजाऱ्याला देतात ती. वाजवणाऱ्यांनी शब्द उचलला तो इथूनच. जांदिराच्या हातात डाव होता. माइक कुठेच नव्हता.

"मास्तर," वाल्मोर अदबीनं म्हणाला, "गिटार घेऊन आलाच आहात, तर तुम्हीही द्या कांजा. ती दुसरी, वाजवायची."

लॉबी हसली. एराल्दो हसला नाही. जांदिराही नाही. तिनं म्हातारीचा वाडगा भरला, मग आणखी एक भरला आणि नवऱ्यापुढे धरला. घेतोस की जातोस, एवढंच त्या हातात होतं.

त्यानं घेतला. गिटार बगलेत तशीच ठेवून तो उभ्या उभ्या कांजा प्यायला. चांगली झाली होती. हे सगळ्यात झोंबलं. तरी शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत त्यानं दुसरं काहीच सुरू केलं नाही. मग वाडगा पुढे केला, आणि एकोणीस वर्षांत न काढलेल्या आवाजात, सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"आणखी एक!"

जांदिरानं त्याच्याकडे पाहिलं. डाव पातेल्याच्या तळावरून फिरवला.

कांजा संपली होती.