दगडी बाक

"साथीच्या त्या काळात शहरात शिरण्याआधी प्रत्येक जहाज या बेटावर थांबायचं," गाइड सांगत होता. "अंगात ताप असलेलं मूल सापडलं, की ते इथे ठेवून घ्यायचे आणि आईला पुढे पाठवायचे."

खांद्यावर झोपलेल्या लेकीला सावरत मी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटले, "अहो, हिचं अंग चांगलंच तापलंय."

"उन्हाचं असेल गं. सकाळपासून तुझं आपलं तेच!" म्हणत ते फोटो काढायला पुढे गेले.

मी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि तिच्या कपाळावर धरला.

गाइडने भिंतीलगतचा दगडी बाक दाखवला. "तपासणीआधी आया इथे बसून मुलांची कपाळं ओल्या फडक्याने पुसत राहायच्या. डॉक्टरच्या हाताला गार लागावं म्हणून."

"भलत्याच हुशार की बाया!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी रुमाल उचलून हात लावून पाहिला. कपाळ मघापेक्षा गरम होतं.

"दादा, परतीची बोट कधी?"

"एकच आहे, पाचची. अजून तीन तास आहेत, ताई. दमला असाल तर बसा ना त्या बाकावर."