हाताशी ठेवायची पुस्तकं

"चारच," ईश्वरअप्पा म्हणाले. "पेटीत लेकराच्या कपड्यांखाली चारच बसतील. नीट बघून काढू."

महादेवी समोर बसली होती, मांडीवर सात महिन्यांची चन्नी. सासऱ्यांनी कपाट रिकामं करून सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडली होती. तीस वर्षं निजामाच्या बांधकाम खात्यात त्यांनी सराया, कचेऱ्या, पूल बांधले. आता पूर्णेतलं हे घर, निवृत्तीचा महिन्याचा वजीफा आणि ही पुस्तकं. मुलगा वीरुपाक्ष मुंबईला इमारतशास्त्र शिकत होता. महादेवी उद्याच्या गाडीनं मनमाडला मावशीकडं जाणार, आणि तिथून पुस्तकांचं पार्सल मुंबईला.

निदान ईश्वरअप्पांना तसं सांगितलं होतं.

वीरुपाक्षानं सहा महिन्यांपूर्वीच कॉलेज सोडलं होतं. तो मनमाडलाच होता, सरहद्दीपलीकडच्या छावणीत, निजामाविरुद्ध उठलेल्या पोरांबरोबर. त्याची शेवटची चिठ्ठी महादेवीनं वाचून चुलीत घातली, तरी अक्षरं डोळ्यांपुढून हलत नव्हती. 'ताडकळसच्या वाटेवरचा पूल पाडायचा आहे. रझाकारांच्या लॉऱ्या त्यावरूनच खेड्यांत शिरतात. दोनदा सुरुंग लावला, पूल जागचा हलला नाही. अप्पांनी फारच पक्का बांधला आहे.'

मुलगा आपण बांधलेलाच पूल पाडायला निघालाय हे कळलं तर म्हातारा माणूस बसल्या जागी कोसळेल, अशी महादेवीला धास्ती होती. हैदराबादला दोन वर्षं ती कॉलेजात शिकली, पण खोटं कसं बोलावं हे तिथं शिकवलं नव्हतं. म्हणून ती कमी बोलत होती.

तिनं सोनेरी अक्षरांचं एक जाडजूड पुस्तक उचललं. "हे घ्यावं का, मामंजी? परीक्षेला लागंल."

"ते टेबलावर ठेवून वाचायचं. त्याला कुठलं टेबल? ठेव."

"पण सगळी माहिती यातच दिसतेय."

"म्हणून तर नको. शिकणाऱ्याला जाड पुस्तक लय आवडतं. काम करणाऱ्याला पातळ लागतं. खिशातनं काढलं, बघितलं, परत खिशात." ते हसले. "तुझी सासू म्हणायची, तुमच्या सदऱ्याचे खिसे शिवून माझी बोटं गेली."

पहिलं त्यांनी तक्त्यांचं काढलं. किती लांब तुळईला किती जाडी, किती रुंद कमानीला किती उंची. दुसरं जमीन मोजणीचं. "चढ-उतार, नाले, आडवाटा. नकाशा वाचता आला तर माणूस हरवत न्हाई." तिसरं मचाण आणि दोरखंडांचं, त्यात गाठींची चित्रं होती.

चौथं दगड-चुन्याचं. ते उघडताच पांढरी भुकटी मांडीवर सांडली. ईश्वरअप्पांनी ती झटकली नाही, बोटानं चोळून बघितली.

"ताडकळसच्या पुलाच्या वेळची हाय. बैल दिवसभर चुन्याची घाणी फिरवायचे. चुन्यात गुळाचं पाणी अन् बेलफळाचा गर. लेकरं गूळ चाटायला जमायची, त्यात हा तुझा नवरा पुढं. तुझी सासू डोक्यावर भाकरी घेऊन यायची. मुकादम म्हणायचा, बाईंची भाकरी आली, आता कमान सरळ बसणार."

चन्नी त्यांच्या बोटाकडं झेपावली. ते बोट त्यांनी तिच्या मुठीत दिलं.

"कमानीखालचा लाकडी साचा काढायचा दिवस आला. बांधणाऱ्यानं त्या वेळी कमानीखाली उभं राहायचं, हा आमच्यात रिवाज हाय. पडली तर आपल्यावर पडंल. मी वीरूला खांद्यावर घेतला अन् उभा राहिलो. सात वर्षांचा होता. तुझी सासू चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

महादेवीनं पदर सावरण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"थंडी पडलीय. वीरूला घोंगडी दे संगं."

"मुंबईत कुठली थंडी, मामंजी."

"दे तरी."

तिनं चार पुस्तकं पेटीत ठेवली. सरहद्दीच्या जकात नाक्यावर करोडगिरीचे शिपाई पेटी उचकायचे, पण आकडे आणि आकृत्या बघून सोडून देतील. ती झाकण लावणार तोच ईश्वरअप्पांनी उशाखालून मेणकापडात बांधलेली वही काढली.

"ही चन्नीच्या दुपट्यात गुंडाळ."

"ही तुमची वही. ही कशाला?"

"बांधणारा आपलं उणं लिहून ठेवतो. साहेबाला दाखवत न्हाई, पण लिहितो. छापील पुस्तकात सगळे पूल उभेच असतात." त्यांनी एक पान उघडलं. "तिसऱ्या खांबाच्या पायात झरा लागला. उपसा थांबंना, अन् दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार. चुना भरायचा तिथं मी नुसता गोटा भरला, वरनं चिरे बसवले. सोळा वर्षं कुणाला बोललो न्हाई. पाण्याखाली दोन हात. समदं मापासकट हाय."

छावणीतली पोरं पुलाची जी कच्ची जागा शोधत होती, ती म्हाताऱ्यानं आपण होऊन, भोळेपणानं महादेवीच्या पुढ्यात ठेवली होती. ही वही नेणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घेणं.

"राहू द्या ना, मामंजी. वाटेत हरवली-बिरवली तर."

"शिकणाऱ्यानं दुसऱ्याची चूक वाचावी."

"ती इथंच बरी. तुमची आयुष्याची कमाई हाय ती."

ईश्वरअप्पांनी स्वतःच दुपटं पसरलं, वही मधे ठेवली, वरून चन्नीला निजवलं आणि चारी टोकं नीट दुमडली. मग तिच्या टाळूवर तळहात ठेवला.

"वीरूला सांग," ते म्हणाले, "बाजारच्या दिवशी नको. त्या दिवशी पुलावर ताडकळसच्या बैलगाड्या असतात."