तीन क्यूब

"लॅबचा माल वेगळा कालवायचा असतो," सुपरवायझर हिंमतराव म्हणाले. "कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं?"

वाघोलीतल्या एका चार मजली इमारतीच्या बांधकामावर श्यामसुंदर ट्रेनिंगला होता. वर्गातले निम्मे जण सदाशिव पेठेत जावा शिकायला कॉम्प्युटर क्लासला पळत होते. सिव्हिल शिकून सिव्हिलमध्येच राहायचं खूळ एकट्या याच्या डोक्यात होतं.

स्लॅब चालू होता. मिक्सरमध्ये गडी वरून पाण्याच्या बादल्या ओतत होते. माल पातळ झाला की भरभर पसरतो आणि सगळे वेळेत घरी जातात, स्लॅब मात्र कच्चा राहतो. बाजूला घमेल्यात हिंमतराव मात्र जास्तीचं सिमेंट घालून कालवत होते. त्या मालाचे तीन क्यूब, म्हणजे वीतभर ठोकळे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे. मग लॅबमध्ये ते मशीनखाली फुटेपर्यंत दाबतात आणि त्यावरून स्लॅबची ताकद ठरते.

"पण साहेब, स्लॅबमध्ये हा माल जात नाहीये."

"फोटो काढायचा तर माणूस केस विंचरून जातोच की," हिंमतराव म्हणाले. "आणि तुमच्या सर्टिफिकेटवर सही आमचीच लागते, नाही का?"

नेमका त्याच स्लॅबखालचा फ्लॅट त्याच्या थोरल्या बहिणीनं, भाग्यश्रीताईनं, बुक केला होता. दाजी आयटीत लागल्यापासून तिचं एकच चाललं होतं, भाड्याच्या दोन खोल्या पुरे झाल्या. ताबा घ्यायच्या आधी ती रोज विचारायची, "श्याम, तू तिथंच असतोस. घ्यावं ना रे? तू नको म्हण, आम्ही सोडून देऊ."

नको म्हणायला पुरावा हवा होता. साइटवर त्याचं कोण ऐकणार? बोललं की ट्रेनिंग गेलं, आणि ट्रेनिंग गेलं की वर्ष गेलं.

हिंमतराव चहाला गेले तेव्हा त्यानं क्यूबचे साचे रिकामे केले आणि मिक्सरमधला पातळ माल भरला. ओल्या पृष्ठभागावर खिळ्यानं तारीख कोरली. आता मशीनच काय ते बोलेल, असं त्यानं स्वतःला बजावलं.

अठ्ठावीस दिवस त्यानं ताईला टोलवलं. क्यूब त्याच्याच कॉलेजच्या लॅबमध्ये गेले.

"रिपोर्ट कधी मिळेल?" त्यानं लॅबमधल्या दीनानाथांना विचारलं.

"तारीख भरली की मिळतो. आमच्याकडे उशीर नसतो."

रिपोर्ट खरंच वेळेवर आला. सही, गोल शिक्का. ताकदीला वीस पुरेसे होते, आकडा सत्तावीस निघाला होता. श्यामसुंदरनं तो चार वेळा वाचला. म्हणजे आपली नजरच कच्ची. बिचाऱ्या हिंमतरावांवर उगाच संशय घेतला. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

त्यानं एसटीडी बूथवरून ताईला फोन केला. "घे गं. बिनधास्त घे. मी स्वतः तपासलंय."

सहा महिन्यांत बाकीचं काम उरकलं आणि ताईनं ताबा घेतला. वास्तुशांतीला दाजींनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "घरचा इंजिनिअर आहे, आपल्याला कसली काळजी!" ताईची धाकटी त्याच स्लॅबखाली पाळण्यात झोपली होती.

सोमवारी तो पेढे घेऊन लॅबमध्ये गेला. दीनानाथांनी दोन उचलले.

"फ्लॅट घेतला? छान. थंड पाणी घ्या, कूलर नवा आलाय. बुटका होता, टेकू देऊन उंच केला."

श्यामसुंदर ग्लास भरायला वाकला. कूलरखाली तीन ठोकळे होते. तिन्हींवर खिळ्यानं कोरलेली तारीख त्याच्याच अक्षरात होती आणि एकाचाही टवका उडालेला नव्हता.