एकमत

वाढत्या छोट्या कंपन्यांत गुंतवणूक फंडाचे पैसे घालायचे आणि त्यांना हात द्यायचा, ही तिची नोकरी. पण पंप बनवणाऱ्या या कंपनीत तिचा सगळा वेळ मालक भावांचे निरोप पोचवण्यात जात होता. केबिन शेजारी शेजारी, पण दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते.

"मॅडम, दादाला सांगा, नवीन मशीन घेतल्याशिवाय ऑर्डर पुरी होणार नाही," धाकटा म्हणाला.

ती थोरल्याकडे गेली. तो म्हणाला, "त्याला म्हणावं, चालवणार कोण ते मशीन? त्याचा सासरा?"

तिचं डोकंच फिरलं. तिने दोघांना एका टेबलाशी बसवलं. "पुरे झालं! कारखाना बाहेरच्या माणसाच्या हातात देते. तुम्ही दोघं बसा घरी."

मग धाकटा म्हणाला, "दादा, या कोण आपल्याला घरी बसवणाऱ्या?"

"तेच म्हणतोय मी," थोरल्याने खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

दार लावून ती जिन्यात मटकन बसली. आत दोघं तावातावाने भांडत होते. पहिल्यांदाच, एकमेकांशी.