मोसमाचा शेवटचा मासा

"आणखी जरा डावीकडे घे," टॉर्किल म्हणाला.

त्याच्या बायकोने, ऊनाने, एक वल्हं मारलं. होडी धुक्यातून अलगद सरकली. लॉखचं, डोंगरातल्या त्या मोठ्या तळ्याचं, पाणी इतकं निवांत होतं की डोंगर कुठे संपतो आणि त्याचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं, तेच कळेना.

आज ट्राउट माशाच्या मोसमाचा शेवटचा दिवस. या पाण्यातला तो थोराड ट्राउट धरला, की घर विकून ग्लासगोला लेकीकडे राहायला जायचं, असं दोघांचं कधीचं ठरलं होतं. दरवर्षी मासा हुलकावणी देई आणि जाणं लांबणीवर पडे.

खरं म्हणजे हुलकावणी टॉर्किलच देत होता. मासा दोनदा गळाला लागला होता. दोन्ही वेळा यानेच दोरी सैल सोडून त्याला वाट करून दिली. हे पाणी सोडून शहरात राहायचं म्हटलं, की त्याला नकोसं होई.

पण यंदा लेकीला मुलगा झाला. त्याचा फोटो ऊना येता-जाता पुसायची, आणि टॉर्किलला स्वतःची लाज वाटायची. पुरे झाला आपमतलबीपणा, त्याने मनाशी म्हटलं. आज मासा धरायचाच.

"आज तोंडाला कुलूप?" ऊनाने विचारलं.

"मासे ऐकतात."

"जन्मभर तुझी बडबड ऐकून बहिरे झाले असतील बिचारे."

तो हसला. त्याचे डोळे अधू झाल्यापासून गळावर पिसं गुंडाळून नकली माशी बनवायचं आणि ती दोरीला बांधायचं काम तिच्याकडेच होतं. त्याने गळाची काठी मागे नेली आणि माशी अल्लद पाण्यावर टाकली.

पाणी फुगलं. काठीला झटका बसला. टॉर्किलने जीव खाऊन काठी वर खेचली, आणि दोरी सैल पडली.

"गेला?"

"गेला. या खेपेला मी खरंच धरणार होतो गं. तुझ्यासाठी."

"ठाऊक आहे मला. सकाळपासून दिसतंय ना तुझ्या तोंडावर," ती म्हणाली आणि होडी घराकडे वळवली.

त्याने दोरी गुंडाळून घेतली. सवयीने माशी चाचपली आणि बोटाला गळ टोचायची वाट पाहत राहिला. पिसं जागच्या जागी होती. आतला गळ मात्र अर्ध्यातच पकडीने साफ तोडलेला होता.