मांजराने डोळे मिटले
सोल्वी ओस्लोहून दूर उत्तरेतल्या गावी आली ती नाताळच्या कार्डासाठी मांजराचा फोटो काढायचं निमित्त करून. खरं तर तिला बाबांना वृद्धाश्रमासाठी राजी करायचं होतं. भर दुपारी बाहेर मिट्ट काळोख होता आणि घरात उजेड फक्त शेगडीतल्या निखाऱ्यांचा. हालवर्डबाबा मांजराला मांडीवर घेऊन ताठ बसले.

"दिवा लावू का, बाबा?"

"कशाला? तुझा फ्लॅश आहे ना, मार की!"

तिने फ्लॅश मारला. मांजराने डोळे मिटले. पुन्हा मारला, पुन्हा मिटले.

"मेलं डोळे उघडे ठेवेल तर शपथ!"

"मी मिटले का एकदा तरी?" बाबा फुशारले. "आणि म्हणे म्हातारा झालो!"

सोल्वीने सगळे फोटो परत पाहिले. खरंच, एवढ्या लखलखाटात बाबांची पापणीसुद्धा लवली नव्हती. तिने हळूच त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला.

"बाबा... कधीपासून?"

बाबा मांजराला आणखी जवळ ओढून गुरकावले, "अख्ख्या गावाला हिवाळ्यात दोन-दोन महिने सूर्य दिसत नाही. त्यांना धाडतं का कुणी वृद्धाश्रमात?"